मावळच्या हवेत रोलरने भिंत रंगवताना

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल साठेक किलोमीटर धावते आणि तेवढ्यात पावसाचा हिशेब पार बदलतो. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. देहूरोड या दोन टोकांच्या मधे येते. निगडी मागे पडली की पावसाळी हवा जड होऊ लागते, आणि तळेगाव, वडगाव, कामशेत असे पुढे सरकावे तसतशी भिंतींवरची ओल वाढत जाते. इथे घर रंगवायचे तर आधी या पावसाचा विचार करावा लागतो.

रंगाच्या डब्यामागे बारीक अक्षरात 'दुसरा हात चार ते सहा तासांनी' असे लिहिलेले असते. हे तास मोजलेले असतात साधारण २७ अंश तापमानाला आणि हवेत ६०-६५ टक्के आर्द्रता असताना. जुलै-ऑगस्टमध्ये देहूरोडची हवा दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास भिजलेली असते. मग ते चार तास आठ होतात, कधी पुरता दिवस लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटे होते. पारा अडतीस-चाळीसवर आणि पश्चिमेचा कोरडा वारा खिडकीतून आत, अशा वेळी रंग भिंतीवर पसरण्याआधीच आवळू लागतो. रोलरचे सगळे तंत्र एका गोष्टीभोवती फिरते: पाणी भिंतीत किती आहे, रंगात किती आहे आणि हवेत किती आहे. हात कितीही सफाईदार असला तरी या तिन्हींचा मेळ बसला नाही तर भिंत चांगली दिसत नाही.

रोलर आणि पाण्यात कालवायचा रंग यांचा प्रसार जवळजवळ एकाच वेळी झाला. १९४० च्या सुमारास टोरांटोचे नॉर्मन ब्रेकी आणि अमेरिकेतले रिचर्ड अ‍ॅडम्स या दोघांनी रंगाच्या रोलरवर काम केले. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शेर्विन-विल्यम्स कंपनीने 'केम-टोन' हा पाण्याने पातळ करायचा भिंतीचा रंग बाजारात आणला आणि त्याच्या जोडीने रोलरही विकला. तेलरंग घट्ट आणि चिकट, त्याला ब्रशने दाबून पसरवावे लागते. पाण्याचा रंग मात्र लव असलेल्या नळीत सहज शोषला जातो आणि तितक्याच सहज भिंतीवर उतरतो. इकडे महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडली असताना १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. तरी आपल्याकडे घराघरांत पुढची कित्येक वर्षे चुना आणि डिस्टेंपर यांचेच राज्य होते. चुना पाण्यासारखा पातळ, रोलरवरून तो ओघळून जातो. त्याला मुंजाची कुंची आणि आडवा-उभा पोचाराच हवा. चुन्याचे एक मोठेपण मात्र मान्य करायला हवे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतो. मंगळुरी कौलांची, जाड दगडी भिंतींची जुनी घरे मावळात अजून आहेत. त्यांच्या सतत दमट राहणाऱ्या भिंतीवर महागडे प्लॅस्टिक इमल्शन चढवण्यापेक्षा चुनाच बरा, असे माझे ठाम मत आहे.

किवळे, विकासनगर, रावेत इथल्या नव्या इमारतींतल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर इमल्शन असा थरांवर थर असतो. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्या सोबतीला रंगद्रव्य. रंग भिंतीवर लागला की पाणी उडू लागते, कण जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा अखंड पापुद्रा बनतो. थंडी फार असेल तर कण नीट जुळत नाहीत, हवा दमट असेल तर पाणी उडायला वेळ घेते, आणि ऊन-वारा तापट असेल तर वरचे पाणी आधी उडून पापुद्रा घाईने बनतो. मागून भिंतीतले पाणी ढकलत असेल तर तयार झालेला पापुद्राही सुटतो. त्याचेच पुढे पोपडे होतात.

म्हणून रंगाआधी भिंतीची परीक्षा घ्यावी. त्यासाठी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो. तो भिंतीवर सपाट धरून चारही कडा टेपने हवाबंद चिकटवायच्या आणि एक पूर्ण दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे. पहिल्या प्रकारात रंगाचे काम थांबवून बाहेरच्या भिंतीतली भेग, गच्चीचा उतार किंवा न्हाणीघराच्या नळाची गळती शोधावी लागते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती आधी पाहाव्यात. दुसऱ्या प्रकारात खिडक्या उघडून काही कोरडे दिवस वाट पाहिली की काम भागते. नव्या गिलाव्याला पाणी मारण्याचे दिवस संपल्यावरही निदान महिनाभर सुकू द्यावे. कच्च्या सिमेंटचा क्षार वर आला तर गडद रंगांवर पांढरट डाग उमटतात.

दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगवण्याची चाल सगळ्या महाराष्ट्रात आहे. सोलापूर-नगरकडे ती सोयीचीही आहे. देहूरोडपासून घाटाकडे मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिंती आतून अजून ओल्या असतात. पाऊस थांबला म्हणजे भिंत सुकली असे होत नाही. इथे रंगाचा खरा हंगाम तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंतचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि त्या दिवशी दरवर्षी धम्मभूमीवर लोक लोटतात. त्या तारखेच्या मागचे-पुढचे दिवस या भागात रंगकामाला अगदी योग्य: आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, ऊन सौम्य. पहाटे भिंती गारठलेल्या असतात म्हणून दहाच्या आत रोलर उचलू नये आणि शेवटचा हात चार-साडेचारपर्यंत आटपावा, एवढेच पथ्य.

भिंतीवर पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या कडक ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातो आणि सुकताना परत वर येतो. काळी बुरशी मात्र पुसून जात नाही, तिला मारावे लागते. ब्लीचचे पातळ द्रावण हातमोजे घालून लावावे, थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने पुसावे आणि भिंत खडखडीत सुकू द्यावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. जुने पोपडे पत्र्याने खरवडताना आणखी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः जुन्या क्वार्टर्सच्या दारांवर आणि खालच्या चार फुटांच्या पट्ट्यांवर, शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे.

लाकडाला खडूपूड आणि जवसाच्या तेलाची लांबी भरण्याची जुनी पद्धत होती. भिंतीला आता पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लागते. दमट भागात हीच पुट्टी घ्यावी, खडूच्या भुकटीची स्वस्त पुट्टी ओल लागताच मऊ पडते. दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात सुकताना तडकतो. मग १८० नंबरच्या आणि शेवटी ३२० नंबरच्या कागदाने घासून भिंतीलगत मोबाइलचा टॉर्च आडवा धरावा. त्या तिरप्या उजेडात खळगे आणि उंचवटे लपत नाहीत. समोरून सपाट दिसणारी भिंत दुपारच्या उन्हात खिडकीजवळ उघडी पडते, म्हणून ही तपासणी रंगाआधीच झालेली बरी. घासलेली पूड ओलसर फडक्याने पूर्ण पुसली नाही तर प्रायमर भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटतो. प्रायमर मात्र टाळू नये. पुट्टी पाणी पिते, आणि जिथे जास्त पिते तिथे रंग मंद दिसतो. प्रायमर हे पिणे सगळीकडे सारखे करतो.

आता रोलर. दुकानात रोलर मागितला की नऊ इंची, तारेच्या पिंजऱ्याचा, बहुतेक वेळा जाड लवेचा रोलर हातात येतो. निवड लवेच्या लांबीवर करायची असते. गुळगुळीत पुट्टीवर सहा ते दहा मिलिमीटर लव पुरते. साध्या, थोड्या रवाळ गिलाव्याला बारा मिलिमीटर, आणि बाहेरच्या खडबडीत भिंतीला अठरा किंवा त्याहून जास्त. लव लांब असेल तर रंग जास्त धरते, काम भराभर होते, पण भिंतीवर जाड दाणा उमटतो. मायक्रोफायबरची लव रंग धरतेही भरपूर आणि सोडतेही एकसारखा, म्हणून तिला चार पैसे जास्त मोजावेत. स्पंजचा रोलर भिंतीला घेऊ नये, त्याने बुडबुडे येतात. जोडीला चार इंची लहान रोलर, अडीच इंची चांगला ब्रश, मास्किंग टेप आणि जमिनीवर पसरायला जुन्या चादरी हव्यात. प्लॅस्टिकवर सांडलेला रंग सुकत नाही, पायाला लागून घरभर होतो. चादर तो शोषते.

लांब दांडा तर घ्यावाच. आपल्याकडे बरेच जण आखूड मुठीच्या रोलरने स्टुलावर चढून छत रंगवतात. दांडा जोडला की शिडीची गरज बहुतांशी संपते, खांद्यावरचा भार कमी होतो आणि मुख्य म्हणजे पडण्याची भीती उरत नाही. शिवाय दांड्याने हात लांब फिरतो आणि रंगाची उभी ओळ वरपासून खालपर्यंत एका दमात ओढता येते.

नवीन रोलरची सुटी लव आधी मास्किंग टेप चिकटवून-ओढून काढावी, नाहीतर ती रंगात अडकून भिंतीवर कायमची राहते. मग रोलर पाण्यात भिजवून पिळावा आणि झटकावा. कोरडी लव पहिला रंग मुळाशी ओढून घेते आणि तिथे तो वाळतो. ओलसर लवेत तो वरवर राहतो. ट्रे नसेल तर रंगाच्या रिकाम्या बादलीत जाळी अडकवली तरी चालते. रोलरचा एक तृतीयांश भाग रंगात बुडवावा आणि उतारावर पाच-सहा वेळा फिरवून रंग सगळ्या बाजूंनी सारखा भरावा. रोलर उचलल्यावर थेंब गळला तर रंग जास्त झाला, आणि भिंतीवर फिरताना चिकट करकर आवाज आला तर कमी पडला.

रंगात पाणी किती घालायचे यावर घरोघरी वाद होतो. डब्यावर दिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नये, आणि रोलरसाठी त्यातलेही खालचे प्रमाण धरावे. यामागचे गणित सोपे आहे. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक दशांश मिलिमीटरचा होतो. त्यातला साधारण तिसरा हिस्साच घन पदार्थ, बाकीचे उडून जाते. म्हणजे सुकलेला थर डोक्याच्या केसाच्या निम्म्या जाडीचा. त्यात आणखी पाणी ओतले तर खालची पुट्टी डोकावू लागते, दोनाऐवजी तीन हात द्यावे लागतात, आणि धुता येणारा रंग पहिल्याच पुसण्यात फडक्यावर उतरतो. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या भिंती दार-खिडकी वगळून पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास भरतात. चांगल्या इमल्शनचा चार लिटरचा एक डबा तिथे दोन हातांना पुरतो. कोणी दोन-अडीच लिटरमध्ये भागवतो म्हणाला तर उरलेली जागा पाण्याने भरणार हे समजावे.

छत आधी, मग भिंती, शेवटी दारे-चौकटी हा क्रम ठरलेला आहे. पंखा बंद ठेवावा, स्विचबोर्डाचा एमसीबी पाडून त्याची झाकणे सैल करावीत. कोपरे, छताची कड आणि स्कर्टिंगच्या वरची पट्टी ब्रशने दोन-अडीच इंच रंगवून घ्यावी, पण एका वेळी एकाच भिंतीची. चारही भिंतींच्या कडा आधी ब्रशने उरकून मग रोलर घेतला तर त्या कडा वाळलेल्या असतात आणि खोलीभर चौकटीसारखी गडद पट्टी दिसत राहते. ब्रशचा पोत आणि रोलरचा पोत वेगळा असतो, त्यामुळेही हे होते. त्यावर उपाय म्हणजे ब्रशची पट्टी ओली असतानाच चार इंची रोलर कडेपर्यंत नेणे.

मोठा रोलर खिडकीकडून आत, म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे सरकत चालवावा. तीन फूट रुंदीचा पट्टा धरावा. पहिली ओढ खालून वर, सावकाश. वेगाने फिरवलेला रोलर बारीक शिंतोडे उडवतो. दोन-तीन तिरप्या ओढींत रंग त्या पट्ट्यावर ठिकठिकाणी पोचवावा, मग आडव्या फेऱ्यांनी मधल्या जागा भराव्यात, आणि शेवटी रोलर पुन्हा न बुडवता, अजिबात दाब न देता, वरून खाली हलक्या सरळ ओढी घ्याव्यात. सगळ्या एकाच दिशेने. या शेवटच्या ओढींनी दाणा सारखा बसतो. रंग संपत आला म्हणून दाब वाढवण्याचा मोह फार होतो. दाब दिला की रंग रोलरच्या दोन्ही टोकांतून बाहेर येतो आणि भिंतीवर उभ्या नाड्या उठतात. रोलरच्या पिंजऱ्याला एका बाजूला दांडी असते, दुसरी बाजू मोकळी. मोकळी बाजू आधीच रंगवलेल्या भागाकडे ठेवावी. त्या टोकावर दाब कमी पडतो आणि कड उमटत नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ओली कड. शेजारचा नवा पट्टा मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच तिच्यात मिसळला पाहिजे. अर्धवट सुकलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला तर तिथे थर दुहेरी होतो, पापुद्रा ओढला जातो आणि जोड कायमचा दिसतो. देहूरोडला मेच्या दुपारी ही कड काही मिनिटांत जाते. अशा दिवसांत वाऱ्याकडच्या खिडक्या काम होईपर्यंत लावून घ्याव्यात, सकाळी लवकर काम काढावे, आणि दोघांनी मिळून रंगवावे. एकाने कडा धराव्यात, दुसऱ्याने रोलर. एक भिंत सुरू केली की कोपरा येईपर्यंत फोन, चहा, काहीही मधे येऊ देऊ नये. थांबायचेच असेल तर कोपऱ्यावर थांबावे, तिथे जोड लपतो.

पावसाळ्यात रंगवणे भाग पडले, भाडेकरू बदलला किंवा घरात लग्न निघाले, तर दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस सोडावा आणि खोलीतून हवा आरपार खेळती ठेवावी. या दिवसांत वरून सुकलेला रंग बोटाला लागत नाही, पण आतून कच्चा असतो. त्यावर दुसरा हात घातला तर रोलर पहिला थर उचलून नेतो. अशा वेळी रोलरवर साधा रंग दिसत नाही, त्याचे धागे ओढले जाताना दिसतात. ते दिसताच थांबावे. चुकीची जागा ओल्यात दुरुस्त करू नये. पूर्ण सुकू द्यावी, ३२० च्या कागदाने घासावी आणि त्या ठिपक्यापुरते न रंगवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची पूर्ण भिंत पुन्हा घ्यावी.

जेवायला उठताना रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला तर काही तास मऊ राहतो. काम संपल्यावर मात्र लगेच धुवावा. त्याआधी रोलरमधला रंग पत्र्याने डब्यात निपटून घ्यावा, म्हणजे धुवायला थोडे पाणी लागते. हे धुतलेले पाणी गटारात ओतू नये, अशी कळकळीची विनंती आहे. देहूरोडच्या एका अंगाला पवना आहे, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. इथल्या गटारांतले पाणी शेवटी त्यांनाच भेटते. रंगाचे पाणी बादलीत रात्रभर तसेच ठेवले की गाळ तळाशी बसतो. वरच्या पाण्यात दुसऱ्या दिवशी ब्रश धुता येतात, आणि उरलेला गाळ जुन्या वर्तमानपत्रावर वाळवून कोरड्या कचऱ्यात टाकता येतो.

रंगवलेली भिंत हाताला कोरडी लागली तरी तिला पुरती कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ती ओल्या फडक्याने पुसू नये आणि कपाट तिला टेकवून ठेवू नये. बाहेरच्या भिंतीपासून तर कपाट कायमच दोन-तीन इंच दूर असावे. मावळच्या घरांत बुरशी पहिल्यांदा कपाटामागेच धरते, कारण तिथे हवा फिरत नाही. उरलेला रंग लहान, काठोकाठ भरलेल्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवावा. अर्ध्या भरलेल्या मोठ्या डब्यात हवा जास्त असते आणि वर साय धरते. डब्यावर खोलीचे नाव, रंगाचा कोड आणि तारीख लिहावी, झाकणावर नको, कारण झाकणे बदलतात.